न पाहिलेल्या पुलाचा इंजिनीअर

नागापूर एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या शेडमध्ये गेलात, तर एकदा मान वर करून छताकडे बघा. पत्र्याखाली लोखंडी अँगलचे त्रिकोण एकाला एक जोडलेले दिसतील. फॅब्रिकेशनवाले त्याला कैची म्हणतात, इंजिनीअरिंगच्या पुस्तकात त्यालाच ट्रस म्हणतात. तुमच्यापैकी कुणी आयटीआयला वेल्डर किंवा फिटरचा ट्रेड घेतला असेल, तर अशी कैची स्वतःच्या हातानं जोडलीही असेल.

आता शेडमधून बाहेर या. जवळच निंबळक स्टेशन आहे. तिथून जाणारा रेल्वेमार्ग एका बाजूला दौंडला जातो, दुसऱ्या बाजूला मनमाडला. मुंबईला जायचं तर दोन्हीकडून जाता येतं. दौंडकडून गेलात तर पुणे, लोणावळा करत गाडी भोर घाट उतरते. मनमाडकडून गेलात तर नाशिक, इगतपुरी करत थळ घाट उतरते. थळ घाट म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तो. दोन्ही वाटा कल्याणला एकत्र येतात. नकाशा उघडा आणि कल्याण, दौंड, मनमाड ही तीन गावं रेघांनी जोडा. मोठा त्रिकोण तयार होईल. नागापूर त्याच्या एका बाजूवर येतं.

उरलेल्या दोन बाजू सह्याद्रीवर चढतात. त्या चढवायच्या कशा, हे ज्या माणसानं ठरवलं, त्याची ही गोष्ट. त्याचं नाव जेम्स जॉन बर्कले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, या कंपनीचे ते पहिले मुख्य इंजिनीअर. वयाच्या ४२ व्या वर्षी ते गेले. तोवर या दोन घाटांपैकी एकाही घाटातून प्रवाशांची गाडी धावली नव्हती.

स्टीफनसनच्या हाताखाली

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनमधल्या हॉलोवे भागात झाला. शिक्षण लंडनच्याच किंग्ज कॉलेजमध्ये झालं. १८३९ मध्ये, विशीत, ते रॉबर्ट स्टीफनसन यांच्याकडे कामाला लागले. रेल्वे इंजिनाच्या इतिहासात वडील जॉर्ज आणि मुलगा रॉबर्ट अशी दोन्ही नावं येतात. त्यातला हा मुलगा. त्या काळात रेल्वे शिकायची तर यापेक्षा चांगली शाळा जगात नव्हती.

पण चांगल्या शाळेतही चुका होतात. १८४६ मध्ये इंग्लंडच्या चेस्टर गावाजवळ डी नदीवर स्टीफनसन यांचा रेल्वे पूल सुरू झाला. त्याच्या तुळया ओतीव लोखंडाच्या, म्हणजे बिडाच्या होत्या. प्रत्येक तुळई तुकडे बोल्टनं जोडून बनवलेली आणि तिला आधार म्हणून बाजूनं घडीव लोखंडाच्या पट्ट्या ताणून बसवलेल्या. २४ मे १८४७ रोजी गाडी पुलावर असताना तुळई तुटली. पाच माणसं मेली. देशातला सगळ्यात नावाजलेला इंजिनीअर चौकशीत उभा राहिला.

बिडाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेल. त्यावर दाब द्या, ते टिकतं. त्याला ताण द्या, ते आधी काही न सांगता काडकन तुटतं. घडीव लोखंड ताण सोसतं आणि तुटायच्या आधी वाकून इशारा देतं. डी नदीवरच्या अपघातानंतर सरकारनं रेल्वेच्या बांधकामात लोखंड कसं वापरावं याची चौकशी करायला आयोग नेमला. मोठ्या गाळ्याच्या पुलांसाठी इंजिनीअर बिडाऐवजी घडीव लोखंडाकडे वळले. बर्कले त्या वेळी स्टीफनसन यांच्याच शाळेत काम शिकत होते. पूल पडला की कागदावरच्या हिशेबाची किंमत माणसांना मोजावी लागते, हे त्या पिढीच्या प्रत्येक इंजिनीअरनं तेव्हा पाहिलं.

त्रिकोणच का?

घरी एक प्रयोग करा. आइस्क्रीमच्या चार काड्या घ्या, टोकांना भोक पाडा आणि टाचण्यांनी जोडून चौकोन बनवा. एका कोपऱ्याला बोटानं ढकला. चौकोन लगेच कलतो, चपटा होतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि ढकला. तो हलत नाही. काडी मोडली किंवा टाचणी निघाली, तरच त्रिकोणाचा आकार बदलतो. चौकोनाला हेच बळ द्यायचं असेल, तर मध्ये एक तिरकी काडी लावावी लागते. म्हणजे पुन्हा दोन त्रिकोणच झाले.

ट्रसचं सगळं गणित एवढंच आहे. पुलावर गाडी आली की वरच्या दांड्यावर दाब येतो, खालचा दांडा ताणला जातो आणि मधल्या तिरक्या पट्ट्या ते वजन पायरीपायरीनं दोन्ही टोकांच्या खांबांपर्यंत पोचवतात. अख्खी भरीव तुळई वापरायची गरज उरत नाही. लोखंड कमी लागतं, वजन कमी होतं आणि गाळा लांब घेता येतो. गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर.

१८४० आणि १८५० च्या दशकांत रेल्वे पुलांचे एकाहून एक अजब आकार निघाले ते याच शोधातून. स्टीफनसन यांनी वेल्समध्ये लोखंडाची चौकोनी नळी करून तिच्या पोटातून गाडी नेली. त्यांचे मित्र आणि प्रतिस्पर्धी ब्रुनेल यांनी सॉल्टॅश इथे माशाच्या आकाराचे दोन प्रचंड ट्रस उभे केले. प्रत्येकाचा गाळा ४५५ फुटांचा. तो पूल १८५९ मध्ये सुरू झाला आणि आजही त्यावरून गाड्या जातात. याच गडबडीत १८४८ मध्ये जेम्स वॉरन यांनी एका साध्या रचनेचं पेटंट घेतलं. एकसारखे त्रिकोण एक सुलटा, एक उलटा असे ओळीनं मांडायचे. बस्स. या वॉरन ट्रसमध्ये पट्ट्या एकाच मापाच्या असल्यानं त्या कारखान्यात बनवून, जहाजात भरून दुसऱ्या देशात नेणं सोपं होतं. सह्याद्रीला पुढे उपयोगी पडला तो हाच आकार.

तिसाव्या वर्षी मुंबईत

१८४९ मध्ये स्टीफनसन यांच्या शिफारशीनं बर्कले यांची जीआयपीचे मुख्य इंजिनीअर म्हणून नेमणूक झाली. फेब्रुवारी १८५० मध्ये ते मुंबईत उतरले. वय वर्षं ३०. भारतात तोवर प्रवासी रेल्वेचा एक मैलही नव्हता. कुशल कामगार नव्हते, यंत्रं नव्हती आणि पावसाचे चार महिने काम जवळजवळ थांबणार हेही उघड होतं. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ पहिली कुदळ पडली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे गाडी धावली. चौदा डबे, सुमारे ४०० पाहुणे, तीन इंजिनं आणि २१ तोफांची सलामी. हे आपण शाळेत शिकलोच आहोत. पुढच्याच वर्षी ठाण्याची खाडी ओलांडून रेल्वे कल्याणला पोचली.

पण कंपनीला कल्याणपर्यंत थांबायचं नव्हतं. तिला देशावरचा कापूस मुंबई बंदरात आणायचा होता. मध्ये सह्याद्री उभा होता.

आता नगरकरांसाठी एक महत्त्वाचा मुद्दा. सुरुवातीच्या योजनेत माळशेज घाटाचा पर्याय होता. माळशेजवरून वर आलं की जुन्नर, आळेफाटा आणि तिथून नगर सरळ रस्त्यावर येतं. आजचा कल्याण-नगर महामार्ग असाच येतो. म्हणजे तो पर्याय टिकला असता, तर रेल्वेच्या नकाशावर नगरचं स्थान कदाचित वेगळं झालं असतं. बर्कले यांनी डोंगर पायाखाली घातले, घाटामागून घाट मोजले. शेवटी माळशेज मागे पडला. ईशान्येला जाणाऱ्या मार्गासाठी थळ आणि पुण्याकडच्या मार्गासाठी भोर घाट नक्की झाला. माळशेजमार्गे कल्याण-नगर रेल्वे व्हावी ही मागणी आपल्याकडे अजूनही होते. तिचं मूळ इतकं जुनं आहे.

दोन घाट, एक हिशेब

भोर घाटाचा मार्ग सुमारे १५ मैलांचा, म्हणजे २५ किलोमीटरचा. तेवढ्यात गाडीला १,८३१ फूट चढायचं होतं. एकूण २५ बोगदे. सगळ्यात कठीण चढ ३७ फुटांना एक फूट. कागदावर हा चढ किरकोळ वाटतो. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं, तेव्हा एवढा चढही इंजिनाचा जीव काढतो. आजही कसारा आणि कर्जतला गाडीच्या मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावतात ती यामुळेच. भोर घाटात एका जागी वळायलाच जागा नव्हती. तिथे बर्कले यांनी गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायचा, अशी सोय केली. हे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होतं.

थळ घाट त्या मानानं लहान. नऊ मैलांहून थोडा जास्त, चढ ९७२ फूट, बोगदे १३. पण तिथे एहेगावची दरी आडवी आली. दरीच्या तळापासून रूळ सुमारे १८० फूट उंच न्यायचे होते. अठरा मजली इमारत डोळ्यासमोर आणा.

इथे निर्णयाची वेळ होती. घाटातले बहुतेक पूल दगडी कमानींचे होते. दगड जागेवर मिळत होता, चुना मिळत होता, गवंडी मिळत होते. पण दगडी कमानीचा गाळा लहान ठेवावा लागतो. दरी जितकी लांब, तितके खांब जास्त. आणि १८० फूट उंचीचा प्रत्येक खांब म्हणजे दगडाचा एक डोंगरच. म्हणून एहेगावला बर्कले यांच्या आराखड्यात दरीच्या मुख्य भागात १५० फुटांचे फक्त तीन गाळे होते. त्यावर त्रिकोणी लोखंडी गर्डर आणि दोन्ही काठांना ४० फुटांच्या दगडी कमानी. खोल भागात लोखंड, काठाला दगड. ज्या सामानाला जे काम झेपतं, तेच त्याला दिलं.

हे लोखंड इंग्लंडहून यायचं होतं. सुएझचा कालवा १८६९ मध्ये सुरू झाला, म्हणजे तोवर जहाजं सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून येत. मुंबईत उतरलेलं लोखंड घाटाच्या पायथ्यापर्यंत आणायचं, डोंगरात वर न्यायचं आणि दरीवर टांगून एकेक रिव्हेट ठोकून जोडायचं. तेव्हा वेल्डिंग नव्हतं. रिव्हेट लालभडक तापवायचा, भोकात घालायचा आणि थंड व्हायच्या आत दुसऱ्या बाजूनं ठोकून त्याचं डोकं बनवायचं. त्रिकोणाची सगळी ताकद त्या सांध्यांत असते. आइस्क्रीमच्या काड्यांमधली टाचणी आठवा.

हात कुणाचे?

आराखडा बर्कले यांचा, पण हात हजारो माणसांचे होते. कोकणातून आणि देशावरून माणसं घाटात आली. १८६१ मध्ये एकट्या भोर घाटावर ४२ हजारांपर्यंत माणसं काम करत होती. कड्यावरून दोरानं खाली लोंबकळत त्यांनी पहारीनं भोकं पाडली, सुरुंगाची दारू भरली, खडक फोडला. तात्पुरत्या झोपड्या, खराब पाणी आणि वारंवार येणारा कॉलरा. हजारो माणसं मेली. त्यांची नावं कुठल्याही पुलावर कोरलेली नाहीत.

पगार थकल्यावरून १८५९ च्या सुरुवातीला कामगारांनी उठाव केला. भोर घाटाचे पहिले कंत्राटदार त्याच वर्षी काम सोडून गेले. त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आले, पण काही आठवड्यांतच आजारी पडून वारले. तेव्हा त्यांची पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःच्या हाती घेतलं आणि दोन अनुभवी इंजिनीअरांच्या मदतीनं घाटाचं काम पुरं करून घेतलं. एकोणिसाव्या शतकात एक विधवा बाई परक्या मुलखात एवढं मोठं काम तडीला नेते, ही गोष्ट वेगळ्या लेखाची आहे.

बर्कले यांचा आणखी एक निर्णय सांगायला हवा. सगळी कामं विलायती कंत्राटदारांनाच द्यायची, असा त्यांचा हट्ट नव्हता. इथल्या माणसांना कंत्राटं द्यावीत, असं त्यांचं मत होतं. जमशेटजी दोराबजी हे पारशी कंत्राटदार जीआयपीच्या कामात पुढे आले ते याच काळात. त्यांच्या कामाला बर्कले यांच्याकडून दादही मिळाली.

आजारपण आणि शेवट

अकरा वर्षांच्या धावपळीत बर्कले यांची तब्येत ढासळली. जानेवारी १८६० च्या सुमारास लंडनमध्ये त्यांचा भारतीय रेल्वेवरचा प्रबंध इंजिनीअरांच्या संस्थेपुढे वाचला गेला आणि गाजला. घाट कसा मोजला, चढ कसे बसवले, पूल कसे ठरवले, सगळं त्यात आहे. पण एप्रिल १८६१ मध्ये त्यांना भारत कायमचा सोडावा लागला. २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळच्या सिडनहॅम इथे त्यांचं निधन झालं.

भोर घाटाचं उद्घाटन आठच महिन्यांनी, एप्रिल १८६३ मध्ये, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झालं. तोवर खोपोली ते खंडाळा हा टप्पा प्रवासी पालखीनं, तट्टावरून किंवा पायी पार करत होते. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटही सुरू झाला आणि एहेगावच्या त्रिकोणांवरून गाड्या जाऊ लागल्या. ज्यानं तो पूल कागदावर उभा केला, त्याला तो कधीच दिसला नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण पुढे एक कटू प्रसंग आहे. जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसात, भोर घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. त्या काळच्या इंग्रजी कागदांत त्याचं नाव म्हाऊ-की-मल्ली असं लिहिलेलं सापडतं. तो पडला आणि जीआयपीच्या इतर दगडी बांधकामाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. कित्येक ठिकाणी बाहेरून घडीव दगड आणि आत मात्र हलका भराव, कमकुवत चुना असं निघालं. नंतर अनेक पूल पुन्हा बांधावे लागले.

दोष कुणाचा? कंत्राटदाराचा, देखरेख करणाऱ्याचा, घाई करणाऱ्या कंपनीचा? मुख्य इंजिनीअर म्हणून बर्कले यांचं नावही त्या हिशेबातून पूर्ण सुटत नाही. आराखडा उत्तम होता, हे सांगून पडलेला पूल उभा राहत नाही. दगडी भिंतीची एक अडचण अशी, की तिच्या पोटात काय भरलंय ते बाहेरून दिसत नाही. लोखंडी ट्रसची गोष्ट थोडी वेगळी. त्यात प्रत्येक पट्टी, प्रत्येक सांधा उघडा असतो. गंज दिसतो, तडा दिसतो, सैल रिव्हेट हातोडीनं वाजवून कळतो. फक्त बघणारा माणूस हवा आणि त्यानं खरं सांगायला हवं.

नागापूरला परत

१८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि नकाशावरच्या त्या त्रिकोणाची तिसरी बाजू जोडली गेली. नगरहून मनमाडकडे जाताना हा मार्ग मुळा, प्रवरा आणि गोदावरी ओलांडतो. पुढे इंजिनं जड होत गेली, गाड्या लांब झाल्या आणि जुन्या मार्गांवरचे गर्डर काळानुसार बदलत गेले. आकार मात्र तोच राहिला. नवीन रेल्वे पूल बघा, मोबाइलचा टॉवर बघा, क्रेनचा हात बघा. सगळीकडे त्रिकोण आहेत.

पुढच्या वेळी मनमाडमार्गे मुंबईला जाल तेव्हा इगतपुरी सुटल्यावर मोबाइल खिशात ठेवा आणि दाराजवळ गर्दी न करता खिडकीतून बघा. बोगदे संपता संपता एकदम पायाखालची जमीन नाहीशी होते आणि गाडी दरीवरून जाते. पावसाळ्यात तर खाली नुसतं धुकं असतं. तेवढ्या क्षणात तिशीतला बर्कले आठवा, कड्यावर दोरानं लोंबकळणारे ते बिनानावाचे कामगार आठवा.

आणि तुमच्यापैकी कुणी उद्या एमआयडीसीत कैचीचा सांधा वेल्ड करत असेल, त्यानं म्हाऊ-की-मल्लीचा पूलही आठवावा. संध्याकाळ झाली, सुपरवायझर घाई करतोय, वेल्ड वरून गुळगुळीत दिसतोय पण आत नीट भरला नाही, हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. तो सांधा ग्राइंडरनं साफ करून पुन्हा भरायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं द्या. खाली उभी राहणारी माणसं तुमच्या ओळखीची नसतील, पण छत त्यांच्या डोक्यावर असेल.